दुपट्ट्याखाली तेरा आणे

माझ्या बाबांच्या मते माणूस तोंडाने बोलतो ते सगळं खोटं असतं. खरं बोलतात ती फक्त बोटं, आणि तीही दुपट्ट्याखाली.

यात त्यांचा काही दोष नव्हता. बाबा यवतमाळच्या बैलबाजारात दलाल होते. तिथे बैलाचा भाव कुणी तोंडाने सांगत नसे, कारण भोवती कान टवकारून उभे असलेले लोक मध्येच नाक खुपसत. घेणाऱ्याने आणि दलालाने हातात हात द्यायचा, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटांनी सौदा करायचा. एक बोट धरलं की शंभर, दोन धरली की दोनशे, पंजा भरला की पाचशे. हात मनगटाला गेला की हजार, आणि तिथे जितकी बोटं टेकतील तितके शेकडे वर. तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या गप्पा चालू असत. एकदा दुपट्टा काढला की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी कुणी मागे फिरत नसे.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी इंटर सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाले आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजसाठी अर्ज केला. मला डॉक्टर व्हायचंच होतं. आमच्या गल्लीतल्या बायका दवाखान्यात गेल्या की डॉक्टरांसमोर खाली मान घालून बसत आणि त्यांच्या पोटात काय दुखतं ते त्यांच्या सासवा सांगत! या बायका जिच्याशी स्वतः बोलतील अशी डॉक्टर व्हावं, एवढं एकच वेड माझ्या डोक्यात होतं.

पण त्याच सुमारास दारव्ह्याहून काशीरावजींच्या मुलाचं स्थळ आलं. काशीरावजी म्हणजे बाबांचं जुनं गिऱ्हाईक. कपाशीची उत्तम शेती, बैलांच्या दोन जोड्या (दोन्ही बाबांनीच घेऊन दिलेल्या) आणि मुलगा निर्व्यसनी. त्यांना उत्तर लवकर हवं होतं. डॉक्टरकीच्या नादात हे स्थळ घालवलं आणि तिकडे प्रवेशही मिळाला नाही, तर पोरगी ना इकडची ना तिकडची, हा घोर बाबांना लागला. शेवटी त्यांनी आईसमोर तोड काढली.

"पोरीच्या चान्सचा भाव काढू," ते म्हणाले. "सोळा आन्यांतून आठ आन्याच्या वर भरला तं दारव्ह्याले नाई म्हनू. खाली उतरला तं अक्षता."

"अन् बराबर आठ आने भरला तं?" आईने विचारलं.

"मंग पोरीले इचारू."

(नवे पैसे बाजारात येऊन बरेच दिवस झाले होते, पण बाबांच्या आशा-निराशा अजून आण्यांतच चालत होत्या. आणि मला विचारायचं ते फक्त बरोबर आठ आणे भरले तर, हे तुमच्या लक्षात आलंच असेल!)

पहिला अंदाज त्यांनी स्वतःच घेतला. मला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मग थोडं मागे सरून, मान तिरकी करून, ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. चाल मोकळी आहे, नजर तेज आहे, पण खांद्यात दम दिसत नाही, असा निकाल त्यांनी दिला. दात बघायचे तेवढे राहिले, तेही आईने डोळे वटारले म्हणून.

मग ते आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर भला माणूस. जागा मूठभर आणि अर्ज पोतंभर, काही सांगता येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. पण सांगितलं तोंडाने! बाबांनी ते हिशेबातच धरलं नाही. तिथून ते थेट भाजीबाजारात आमच्या फिजिक्सच्या सरांना गाठायला गेले. सर वांगी घेत होते. बाबांनी नमस्कार केला, सरांचा रिकामा हात हातात घेतला, वर दुपट्टा टाकला आणि पाऊस लांबल्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आता सरांना गुदगुल्या फार. बाबांनी पहिलं बोट दाबताच सर खिदळले, दुसरं दाबताच वाकले, आणि तिसऱ्याला त्यांची पिशवी सुटून वांगी गटाराच्या दिशेने निघाली. घरी येऊन बाबा म्हणाले की मास्तर भाव द्यायला तयार नाही, हसण्यावारी नेतो. त्यानंतर सर मला लांबून पाहिलं तरी रस्ता बदलत. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

त्यामुळे मुलाखतीसाठी नागपूरला निघताना मी बाबांना एसटी स्टँडवरच शपथ घातली. तिथे कुणाला चान्स विचारायचा नाही, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बाबांनी गळ्याला हात लावून कबूल केलं. शब्दाला ते पक्के होते, हे मला मान्य करावंच लागेल.

मुलाखत घ्यायला तिघे बसले होते. मधले पिकल्या मिशांचे, त्यांना सगळे साहेब म्हणत. डॉक्टर का व्हायचं, असं त्यांनी विचारलं. मी गल्लीतल्या बायकांचं सांगितलं, सासवांचं सांगितलं, आणि सांगता सांगता माझा आवाज इतका कापायला लागला की शेवटचं वाक्य माझं मलाच ऐकू आलं नाही. साहेब "ठीक आहे" म्हणाले. ते ठीक आहे म्हणजे ये म्हणायचं की जा म्हणायचं, याचा विचार करत मी बाहेर आले.

मुलाखती संपल्यावर साहेब चहाला व्हरांड्यात आले. मी नळावर पाणी पीत होते. तिथून बघते तो बाबा साहेबांसमोर उभे! उन्हाने तोंड लाल, कपाळावर घाम, श्वास वर चढलेला. दिलेल्या शब्दाप्रमाणे तोंडातून अवाक्षर नाही. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, उजव्या हातावर पांघरला आणि हात पुढे केला. साहेबांनी एकदा बाबांकडे पाहिलं, कप कठड्यावर ठेवला आणि आपला हात शांतपणे दुपट्ट्याखाली घातला.

माझ्या हातातलं पाणी हातातच राहिलं. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. बाबा आभाळाकडे बघत होते. बराच वेळ कुणी हललं नाही. मग साहेबांनी हात काढला, बाबांच्या पाठीवर थोपटलं, काहीतरी म्हणाले आणि कप उचलून आत गेले. बाबांनी हातावरचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला आणि ते माझ्याकडे आले, तेही नव्या बैलाच्या ऐटीत.

एसटी वर्ध्याच्या पुढे गेली. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आले.

"तेरा आने," ते म्हणाले. "साहेब पंजावर थांबलाच नाई, पोरी. सीदा मनगटाले गेला, म्हंजे धा आने. अन् वरून तीन बोटं. दाबून!"

"पण बाबा, ते तुम्हाला म्हणाले काय?"

"मीठ कमी खा म्हने. मोठ्या लोकायचं बोलनं असंच राह्यते. तोंडाचं कायले धरतं?"

माझ्या मनात शंका आली होती. पण तेरा आणे ही गोष्ट इतकी गोड होती की मी शंका खिडकीबाहेर टाकली आणि उरलेला रस्ता पांढऱ्या कोटाचं माप मनातल्या मनात घेत बसले.

घरी पोचलो तर ओट्यावर काशीरावजी. उत्तर घ्यायला स्वतः आले होते आणि आईने त्यांना पोह्यांवर अडवून ठेवलं होतं. बाबांनी पायांवर पाणीसुद्धा घेतलं नाही. पोरीचा चान्स दुपट्ट्याखाली तेरा आणे भरला आहे, तेव्हा माफी असावी, असं त्यांनी हात जोडून सांगून टाकलं. मला वाटलं काशीरावजी भडकतील. पण तेही बाजारातलेच! भाव कुणी दिला, पंजावर दिला की मनगटावर, एवढं त्यांनी बारकाईने विचारून घेतलं आणि पोहे संपवून उठले.

"मनगटावर तेरा भरले तं आमी कायले आडवे येऊ?" ते म्हणाले. "शिकवा पोरीले." आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर जिलबी वाटली गेली. ज्याने त्याने हात पुढे करायचा आणि बाबांनी त्याला साहेबांची तीन बोटं दाखवायची, असा सोहळा दिवसभर चालला. संध्याकाळी जिलबीचा पुडा घेऊन ते आमच्या डॉक्टरांकडे गेले आणि मलाही सोबत नेलं. झाली हकीकत सांगून त्यांनी दुपट्टा पांघरलेला हात टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी जिलबी बाजूला सारली, दुपट्ट्याखाली हात घातला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"हाव, असंच!" बाबा आनंदाने म्हणाले. "घड्याळ बी पाह्यलं होतं त्यानं."

"अहो बाबूराव, याला नाडी पाहणं म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "आणि ती फार जोरात पळते आहे. मीठ कमी खा."

कंपाउंडर बाटली हलवायचा थांबला. घामाघूम झालेला माणूस न बोलता हात पुढे करतो, तेव्हा डॉक्टर दुसरं काय करणार! परत येताना बाबा माझ्याकडे बघत नव्हते. घरी आल्यावर भिंतीला टेकून बसले. एवढ्या वर्षांत त्यांना मी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पोरी, तुह्या जन्माचा सौदा मी नाडीवर करून बसलो," ते म्हणाले. "दारव्ह्याले जाऊन पाय धरतो काशीरावजीचे."

मला रडू फुटलं. दारव्ह्याला जावं लागेल म्हणून की बाबांचा चेहरा बघून, ते मला आजही सांगता येणार नाही. पण आई भाकरी थापता थापता उठून बाहेर आली. हाताला पीठ तसंच.

"दुपट्टा काढला होता का नाई?" तिने विचारलं.

"काढला होता."

"मंग सौदा पक्का. दुपट्टा काढल्यावर मांगं फिरनारा दलाल म्या नाई पाह्यला, अन् आपल्या घरात तं पाहनारबी नाई. पोरगी नागपूरले जाईन."

आणि ती परत चुलीकडे गेली. त्या रात्रीपासून आमच्या घरातलं मीठ मात्र खरंच कमी झालं. पुढचे दिवस आम्ही अळणी वरण खात पोस्टमनची वाट पाहत होतो. बाबा बाजारात जात, पण बैलांपेक्षा पोस्टाच्या बाजूलाच त्यांचं लक्ष जास्त. मी त्यांच्या नकळत देवाला आणि देवाच्या नकळत त्या साहेबांना हात जोडत होते.

प्रवेश मिळाला! कळलं तेव्हा आईने पहिल्यांदा वरणात मनसोक्त मीठ टाकलं. बाबा काही वेळ नुसते डोळे पुसत राहिले. मग त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि बाजारात जाऊन सगळ्यांना सांगून आले की तेरा आणे म्हणजे तेरा आणेच निघाले, डॉक्टरलोकांना नाडीतलं कळतं, भावातलं नाही. काशीरावजींनी दारव्ह्याहून संत्र्यांची टोपली पाठवली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढे मी वॉर्डात जाऊ लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच साहेबांची फेरी आली. थंडीचे दिवस होते. खाटेवर झरीकडचा एक म्हातारा शेतकरी गळ्यापर्यंत कांबळं ओढून पडला होता. साहेबांनी मला नाडी पाहायला सांगितलं. सगळी मुलं मागे उभी. मी कांबळ्याखाली हात घातला, म्हाताऱ्याचं मनगट शोधलं आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तीन बोटं नीट दाबून टेकवली.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी हळू, माझ्यापुरतं म्हणाला, "तेराशेत नाई जमत, बाई. जोडी सोन्यासारखी हाय."

आता यात माझा काय दोष? रक्तच ते! माझं चौथं बोट आपोआप मनगटावर टेकलं. म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"चौदाशे," मी म्हणाले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. ते खाटेला वळसा घालून माझ्याजवळ आले, माझाच हात हातात घेतला, मनगटावर तीन बोटं टेकवली आणि घड्याळाकडे बघू लागले. लाजेने माझ्या कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या. पण खरं सांगते, ती तीन बोटं दाबली गेली तशी माझी सगळी भीती पळाली. मनात म्हटलं, तेरा आणे! म्हणजे आपण पास.