आबांच्या नळीतला रंग

एकविसाव्या वर्षी मला हसण्याचा आजार होता. कुणाची टोपी वाऱ्यानं उडाली, कुणाला भलत्या वेळी शिंक आली, अगदी कुणी फार गंभीर चेहऱ्यानं "बसा" म्हणालं तरी मला हसू फुटे, आणि एकदा फुटलं की आवरत नसे. त्यात नुकतीच लोणावळ्यातल्या एका छोट्या इस्पितळात रक्त-लघवी तपासायची नोकरी लागलेली. एकोणीसशे साठचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. पुण्याला वर्षभर शिकून आले होते, अंगात स्वतःचा पांढरा कोट होता. घरापासून इस्पितळापर्यंत मी चालत जात नसे, जवळजवळ उड्या मारत जात असे. प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची सामानाची खोली. एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, एक स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या नळ्या. मला ती राजवाड्यासारखी वाटे.

भातझोडणीच्या दिवसांत एका दुपारी जवळच्या औंढे गावाहून एका शेतकऱ्याला खडीच्या ट्रकमधून आणलं. वय पन्नाशीच्या पुढचं, छाती दारासारखी रुंद. खळ्यावर पेंढ्या आपटता आपटता छातीत कळ आली, डाव्या हातात उतरली, आणि गार वाऱ्यात अंगाला दरदरून घाम फुटला. घरच्यांनी पोटातला वात समजून ओव्याचं पाणी पाजलं. बायकोनं मात्र त्यांचा राखेसारखा पडलेला चेहरा पाहिला आणि रस्त्यावर आडवी उभी राहून ट्रक थांबवला. त्यांना सगळे आबा म्हणत, तिला मावशी.

डॉक्टरांनी तपासलं, हृदयाचा आलेख काढला, सुई दिली. "हृदयाचा रक्तपुरवठा अडलाय," ते म्हणाले. "कुशीवरसुद्धा स्वतःहून वळायचं नाही."

संध्याकाळी आबांची लघवी माझ्याकडे आली. तपासणी सोपी असते. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फारच असेल तर विटकरी होतं. आबांची नळी बघता बघता कौलासारखी लाल झाली. मी पुन्हा केली. पुन्हा लाल.

आबांना मधुमेह आहे असं आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर घाईत होते. "गोड बंद, रोज सकाळी तपासा" एवढंच सांगून दुसऱ्या रोग्याकडे गेले. दुसऱ्या दिवशीही नळी लालच. मी नवी, हुशारी दाखवायची खाज दांडगी. तडक आबांच्या खाटेपाशी गेले.

"आबा, खरं सांगा. लपून काय खाल्लंत?"

"काय बी न्हाई, बाई. देवाशप्पत."

"नळी खोटं बोलत नाही, आबा."

झालं! मावशी उठल्या. "मला वाटलंच! ह्येंच्या खिशात कायम गुळाचा खडा. लगीन झाल्यापास्नं बगतेय मी." त्यांनी आबांची बंडी झटकली, मुंडासं उलगडलं, घोंगडी पालथी केली. आबांना हलायची बंदी, त्यामुळे ते बिचारे छताकडे बघत पडून होते. मग मावशींचा हात उशीखाली गेला आणि बाहेर आला तो कागदात बांधलेला चिक्कीचा पुडा घेऊनच.

"ह्ये काय हाय?"

अख्खा वॉर्ड माना वळवून बघायला लागला. आबांनी डोळे मिटले. "सोडून बग," ते म्हणाले.

पुड्याची सुतळी जशीच्या तशी होती. एक वडीसुद्धा हलली नव्हती.

"शेजारच्या खाटवाल्याच्या भावाकडनं आणवलीय," आबा पुटपुटले. "तुज्यासाठी. कालपास्नं तोंडात घास न्हाई घेतलास तू. मला कळत न्हाई व्हय?"

मावशींचा चेहरा एकदम भलताच झाला, रडावं की रागवावं ते ठरेना. शेवटी त्यांनी पुडा आबांच्याच पोटावर आपटला. "मरायला टेकलाय आन् चिक्की आणवतोय!" आणि त्या ओक्साबोक्शी रडता रडता हसायला लागल्या. मग मला कोण आवरणार? मी कोटाची बाही तोंडात कोंबून पळाले.

हसू ओसरलं तेव्हा लाज वाटली. आजारी माणसाला मी चारचौघांत चोर ठरवलं होतं. डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मला घेऊन आबांच्या खाटेशी आले आणि मावशींना समोर बसवलं.

"आबांनी काही खाल्लेलं नाही," ते म्हणाले. "ही साखर त्यांच्या अंगातलीच आहे. हृदयाला रक्त कमी पडलं की सगळं शरीर हबकतं. त्याला वाटतं, वाघ मागं लागलाय, पळायला ताकद हवी. मग काळजात साठवलेली साखर ते रक्तात ओततं."

"काळजात साखर?" मावशींनी आबांच्या छातीकडे बोट केलं.

"ते नव्हे. बोकडाचं काळीज म्हणतो ना आपण, ते. बरगड्यांखालचं."

"म्हंजी ह्येंच्या काळजात साखर भरलीय," मावशी म्हणाल्या, "आन् तोंडातनं मातर कारलं!"

आबांना हसायचीही बंदी होती. त्यांचं पोट हलताना पाहून डॉक्टरांनी हात वर केला आणि त्यांना स्वतःलाच हसू फुटलं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं, ते मला तोवर कुठल्या पुस्तकात इतकं नीट कळलं नव्हतं. ती ओतलेली साखर वापरायला इन्शुलिन लागतं, पण अशा घाबऱ्या वेळी शरीर इन्शुलिनलाच दाबून ठेवतं. म्हणून साखर रक्तात चढते आणि लघवीत उतरते. आणि खुद्द हृदयाचं काय होतं? "मावशी, चुलीला वारा मिळाला नाही तर लाकूड कसं धुमसतं? तसंच. प्राणवायू कमी पडला की हृदयाला नेहमीचं जळण जाळता येत नाही. थोड्या साखरेवर ते कसंबसं भागवतं, आणि आत आंबट आम्ल साचतं. म्हणून आबांना निजवून ठेवायचं. काम कमी, तर जळण कमी."

"मग त्यांना मधुमेह नाही?" मी विचारलं.

"आज नाही सांगता येणार. हृदय सावरलं की साखर उतरली पाहिजे. नाही उतरली, तर होताच म्हणायचा."

डॉक्टर गेल्यावर मी आबांची माफी मागितली. "जाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "तुमच्यामुळं ही हसली तरी."

त्या दिवसापासून मावशी रोज सकाळी माझ्या टेबलाशी उभ्या राहू लागल्या. तिसऱ्या दिवशी नळी नारिंगी झाली. चौथ्या दिवशीही नारिंगीच. मावशी तशाच मागं फिरल्या. पाचव्या दिवशी झेंडूसारखी पिवळी. मावशी नळी उंच धरून वॉर्डात दाखवून आल्या. सहाव्या दिवशी हिरवी, कोवळ्या रोपासारखी. आता तर खाटेखाटेवरून विचारणा व्हायला लागली, "आबांचा रंग काय आज?" हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक निवृत्त रेल्वे गार्ड हट्टच धरून बसला, की माझाही रंग सांगा. त्याचा निळाच निघाला, तर हिरमुसला.

सातव्या दिवशी मी आठ थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली. औषध उकळलं, बुडबुडे आले, आणि रंग हलला नाही. आम्ही दोघी नळीवर वाकून बघत राहिलो. मी आणखी उकळलं. निळं. स्वच्छ, निळंशार.

"न्हाई बदलला?"

"नाही, मावशी! साखर गेली!"

मावशींनी माझे दोन्ही हात धरले आणि मला काही कळायच्या आत त्या सामानाच्या खोलीत आमची फुगडी सुरू झाली. टेबल, खिडकी, नळ्या, दिवा सगळं गरागरा फिरत होतं. माझी वेणी सुटली, मावशींचा पदर खांद्यावरून घसरला, आणि दोघी इतक्या हसत होतो की तोल सावरेना. तेवढ्यात दारात डॉक्टर.

"दिवा विझवा आधी," ते म्हणाले. "मग घाला फुगडी."

आबांना सहा आठवड्यांनी घरी सोडलं. भात तोवर भावकीनं झोडून दिलं होतं. नांगर, ओझं, चढण सगळं बंद झालं, पण आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. पुढच्या हंगामात मला औंढ्याला जेवायला बोलावलं होतं. आबा बांधावर घोंगडीवर बसले होते, हातात पाखरं हाकायची गोफण. मावशी खळ्यावरून दर थोड्या वेळानं ओरडून विचारत, "उठला न्हाई ना?"

"बगा की बाई," आबा मला म्हणाले, "एवढा पैलवान गडी मी, हिनं पार बुजगावणं करून ठिवलंय." आणि त्यांनी हवेत रिकामी गोफण फिरवली. पाखरं उडालीच नाहीत.