वाचनालयातलं कोरं कार्ड

नेब्रास्कातल्या त्या गावात वाचनालयाचं पुस्तक घरी न्यायचं, तर त्याच्या कार्डावर आपल्या हाताने नाव लिहून कार्ड तिथेच ठेवावं लागे. म्हणजे कोण काय वाचतं, हे गावाला उघड. त्यामुळे दोन बायकांनी मिळून शेती आणि संसार केल्याची गोष्ट असलेल्या त्या पुस्तकाचं कार्ड चार वर्षं कोरंच होतं. पानं मात्र मळली होती, आणि ती काही एकट्या आर्डिथच्या बोटांनी नव्हे. आर्डिथ कोपेकी दर मंगळवारी कपाटाआड उभ्या उभ्या दहा पानं वाचायची. साठी उलटलेले गुडघे कुरकुरायचे, ती त्यांना दाद द्यायची नाही.

वाचताना तिला लोरीन आठवायची. डेअरीत कामाला असलेली लोरीन एके दिवशी बॅग भरून दारात आली होती. "चल, ओमाहाला जाऊ. शहरात दोघी मिळून राहू."

"मका निघू दे, मग येते," आर्डिथ म्हणाली.

लोरीन एकटीच गेली. मका निघाला. त्यानंतर चाळीस वेळा निघाला. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, की ती सांगायची, "वेळच मिळाला नाही." लोकांना ते पटायचं. लोकांना काहीही पटतं.

यंदाच्या निवडणुकीने गावाचे दोन तट पडले. चर्चच्या जेवणातही माणसं पक्ष बघून टेबल धरू लागली. गावसमितीवर आर्डिथचा धाकटा भाऊ ड्वेन निवडून आला आणि त्याने जाहीर केलं, "असली पुस्तकं हवीत कुणाला? कार्डावर एक नाव नाही. गुरुवारच्या सभेत काढून टाकू."

बुधवारी आर्डिथने ते पुस्तक ग्रंथपाल बर्निटापुढे ठेवलं.

"अगं, ड्वेन उद्या कार्ड सगळ्यांसमोर वाचणार आहे!"

"वाचू दे. त्याला वाचायला मीच शिकवलंय."

तिने कोऱ्या कार्डावर आपलं पूर्ण नाव लिहिलं.

सभेत ड्वेनने कार्ड हातात घेतलं. बहिणीचं अक्षर त्याने ओळखलं. "नेलंय कुणीतरी," एवढंच म्हणाला आणि कार्ड खिशात घातलं. पुस्तक राहिलं.

आर्डिथ बाहेर पडली, तर तो पायऱ्यांवर टोपी चाळवत उभा.

"आर्डी, ती लोरीन... कुठे असते गं आता?"

"माहीत नाही रे," ती म्हणाली. चाळीस वर्षांत ते नाव तिच्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि भावादेखत रडली.