उटण्याला लागलेले हात

अंगाला लावायची वस्तू विकायला बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपले आपण येऊन साठतात. कापड घ्यायला आलेलं माणूस भाव विचारतं आणि चालू लागतं. उटणं घ्यायला आलेली बाई आधी उंबऱ्याशी टेकते, इकडेतिकडे बघते आणि हळूच म्हणते, "कोणाला सांगू नका हं!" आता त्या सगळ्या गेल्या. ज्यांना सांगायचं नव्हतं तेही गेले. म्हणून तुम्हाला सांगते.

धारला माझ्या मावशीचं उटण्याचं घर होतं. माझे यजमान लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी प्लेगात गेले. मी तेव्हा अठरा वर्षांची. देवासला दीर होते, ते म्हणाले, "काही दिवस मावशीकडे राहून ये." ते काही दिवस मला जन्मभर पुरले.

घरात माणसं चार. मावशी, तिचे यजमान अप्पा, मी आणि नालछ्याची गेंदाबाई. गेंदाबाई कचोरा, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल असं सगळं कुटायची, मावशी प्रमाण बघायची आणि मी ते फडक्यातून गाळायची. मी बसायची मागच्या पडवीत. नवरीच्या उटण्याला विधवेचा हात लागलेला कोणाला चालला असता? मावशी म्हणायची, "पिठाला विचारायला कोण जातंय, तुला कोणी गाळलं म्हणून!"

* * *

माझं पहिलंच वर्ष. दिवाळी तोंडावर आलेली, रोज पायली-पायली उटणं गाळून होत होतं. अशात देवासहून दीर आले. मी डोक्यावरचं लाल आलवण सावरत पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेले.

दिरांनी तांब्या घेतला नाही. नाक वर करून दोनदा वास घेतला, मग माझ्याकडे न बघता मावशीला म्हणाले, "विधवेच्या अंगाला वास कसला येतोय?"

मावशी सुपारी कातरत होती. तिनं मान वर केली नाही.

"कामाचा," ती म्हणाली.

दीर पाणी न पिताच उठले. त्यानंतर त्या घरून ना माणूस आलं, ना कागद. मी संध्याकाळी विहिरीवर राखेनं हात घासत बसले. कातडी लाल झाली, पण वास गेला नाही. कचोऱ्याचा वास असा सहजी जात नाही हो!

* * *

आमच्या आळीत सरूबाई म्हणून होत्या. त्यांची मुलगी चंपू, बारा वर्षांची. नाकीडोळी नीटस, कामाला चलाख, पण रंगानं काळी. पहिल्या स्थळानं रंगावरून नाकारली, तशी सरूबाई तिला घेऊन आमच्याकडे आल्या.

मावशी सरळ बाई. म्हणाली, "सरूबाई, उटण्यानं मळ जातो, रंग जात नाही."

"मग तो मळच आहे, असं तुम्ही त्यांना सांगा ना!"

मावशीनं तागडी उचलली. दुसऱ्या स्थळाच्या आधी सरूबाईंनी महिनाभर उटणं नेलं, तिसऱ्याच्या आधी दोन महिने. चंपू स्वतःच घासायची. एकदा ती मागच्या पडवीत माझ्याजवळ येऊन बसली. कोपरापासून मनगटापर्यंत हात सोललेला. बारीक आवाजात म्हणाली, "अक्का, आत गोरं किती खोल असतं?"

मी तिच्या हाताला साय लावली.

शेवटी हाटपिपल्याचं स्थळ जमलं. बिजवर, पन्नाशीचे. सरूबाई हळदीचं उटणं न्यायला आल्या तेव्हा चेहरा नुसता फुललेला! "नशीब काढलं हो पोरीनं. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. रंगाचं नावच काढलं नाही त्यांनी!"

मावशीचा हात तागडीवर थांबला. "मग उटणं कशाला, सरूबाई?"

"वा! नाक आहे की त्यांना!"

* * *

गेंदाबाईच्या दोन्ही हातांवर कोड होतं, बोटांपासून वर चढत गेलेलं. कोड शिवल्यानं लागत नाही हे आज डॉक्टर सांगतात, तेव्हा कोण सांगणार! म्हणून तीही मागच्या पडवीत, माझ्या शेजारी. पुढे बसायची एकटी मावशी.

एका सरदारांच्या घरचं लग्न झालं. आमच्या उटण्यानं नवरी अशी काही उजळली म्हणे, की सरदारीणबाई स्वतः मेण्यातून आमच्या दारी आल्या. बरोबर हिरव्या बांगड्यांचा चुडा. म्हणाल्या, "ज्या हातांनी हे वाटलं, त्या हातांत मला माझ्या हातानं बांगड्या भरायच्या आहेत. बोलवा तिला!"

पडवीत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. गेंदाबाईनं हात लुगड्यात लपवले. माझे तर बांगड्या फुटलेले हात. घरात बांगड्या भरता येतील असे हात दोनच.

मावशीनं आपले हात पुढे केले. "मीच वाटते, बाईसाहेब."

मेणा गेल्यावर मावशी मागे आली. एकेक बांगडी उतरवली आणि गेंदाबाईच्या पुढ्यात ठेवली. गेंदाबाईनं एक बांगडी उचलून उजेडात धरली. मग म्हणाली, "बई, इनके पेरी ने कां जऊं?" घालून जाऊ तरी कुठे!

पण घातल्या. आणि काम करतानाही काढल्या नाहीत. चौथ्या दिवशी मुसळ निसटलं, बांगड्या फुटल्या आणि काच सगळ्या उटण्यात सांडली. लग्नाचा घाणा होता तो. नवरीच्या अंगाला काच लागली तर? मावशीनं सगळा घाणा टोपलीत भरला. आम्ही तिघींनी तो तळ्यात नेऊन ओतला. पाणी पार काठापर्यंत पिवळं झालं.

गेंदाबाई पाण्याकडे बघत म्हणाली, "अब तळाव की मछली गोरी वई जायगी, बई!"

आम्ही तिघी हसलो. हसता हसता गेंदाबाई खाली बसली आणि तिनं जो हंबरडा फोडला, तो समोरच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनीही ऐकला. त्यांना वाटलं, कोणी बुडालं.

* * *

पुढे बाजारात विलायती साबण आला. गुलाबी कागदात गुंडाळलेला, वर मडमेचं चित्र. आमची शिकलेली गिऱ्हाइकं आधी गेली, मग त्यांचं बघून बाकीची.

अप्पा तोवर दरबारच्या दफ्तरातून मोकळे झाले होते. मोडी अक्षर असं की मोत्यांची सर, पण इंग्रजीचा गंध नाही. ते म्हणाले, "त्यांचा साबण, तर आपलाही साबण! देशी!"

मोहाच्या बियांचं तेल, सज्जीखार आणि चुना. पहिला घाणा कढीसारखा पातळ राहिला. दुसरा असा जमला की कोयत्यानं तुटेना. तिसऱ्याच्या वेळी अप्पांची भुवई जळाली, पण साबण झाला! काळपट होता, उग्र होता, पण फेस यायचा. अप्पा लहान मुलासारखे बादलीत हात घालून फेस काढत बसले होते.

त्यातल्या दोन वड्या त्यांनी छावणीतल्या एका गोऱ्या डॉक्टरला भेट पाठवल्या. महिन्याभरानं इंग्रजीत चिठ्ठी आली. "सर्टिफिकेट आलं!" म्हणत अप्पांनी तिला काचेची फ्रेम करवली आणि पुढच्या भिंतीवर टांगली.

चार वर्षं ती तिथे होती. वकील आले, ओव्हरसियर आले, इंग्रजी जाणणारे कितीतरी जण तिच्यासमोर उभे राहून वाचून गेले. वाचून झालं की ते जरासं हसायचे आणि अप्पांना नमस्कार करायचे. अप्पांना वाटायचं, आदर आहे.

मग शाळेत इंदूरहून एक नवे मास्तर आले. तरुण, मोकळ्या स्वभावाचे. अप्पा म्हणाले, "मास्तर, जरा मोठ्यानं वाचा की. आमच्या मंडळींना अर्थही सांगा."

मास्तरांनी वाचलं. मग घसा खाकरला. मग अर्थ सांगितला. "आपल्या साबणानं आमच्या कुत्र्याच्या अंगावरच्या सगळ्या पिसवा मेल्या. आभारी आहे."

कोणी हसलं नाही. मास्तर बिचारे चहा तसाच टाकून निघून गेले.

मी जरा वेळानं विचारलं, "अप्पा, काढून ठेवू का ती?"

अप्पा फ्रेमकडे बघत होते. "राहू दे," म्हणाले, "खोटं तर नाही ना लिहिलेलं?"

त्यानंतर साबणाची कढई त्यांनी चुलीवर चढवली नाही. परसात ती पावसाच्या पाण्यानं भरायची आणि उन्हानं सुकायची.

* * *

एका उन्हाळ्यात मावशी तापानं पडली. दहा दिवस पुढे बसायला कोणी नाही. उटण्याला मी हात लावलेला चालणार नव्हता, पण शिकेकाई विकायला काय हरकत, असं म्हणून आलवण कपाळावर ओढून मीच बसले.

एक नवी सून आली. पंधरा-सोळाची, बडबडी, माहेर उज्जैनचं. शिकेकाईची शेंग हातात घेऊन म्हणाली, "यानं केस खरंच वाढतात का हो?"

"वाढतात."

"तुम्ही हीच लावता?" तिचं लक्ष शेंगांकडेच होतं. "तुमचे केवढे आहेत? दाखवा ना!"

मी बांधलेली पुडी उंबऱ्यावर ठेवायला वाकले आणि पदर मागे सरला. न्हाव्यानं दोनच दिवसांपूर्वी वस्तरा फिरवला होता.

पोरीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "माझे नाही वाढले. पण त्यात शिकेकाईचा काही दोष नाही हं!"

मला वाटलं ती हसेल. ती उठली आणि पळत गेली. पुडी उंबऱ्यावरच राहिली. गेंदाबाई म्हणाली, "बई, उठाई लूं?"

"असू दे," मी म्हटलं, "येईल परत."

मी आठ दिवस ती पुडी उचलू दिली नाही. ती आली नाही.

* * *

आता देवासचा किस्सा सांगते. मावशी जायच्या आधीच्या वर्षीचा.

तुम्हाला माहीतच आहे, देवास गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. कुठे कुठे तर रस्त्याच्या या बाजूला एकाचं राज्य, त्या बाजूला दुसऱ्याचं! अशाच एका रस्त्यावर समोरासमोर दोन घरं होती. या घरात सुंदराबाईसाहेब, नवरा थोरल्या पातीचा मानकरी. त्या घरात मैनाबाईसाहेब, नवरा धाकट्या पातीचा. दोघी सख्ख्या बहिणी. एका वरातीत कोणाची पालखी आधी पुढे काढायची यावरून नवऱ्यांचं बिनसलं आणि तेव्हापासून बहिणींचं बोलणं बंद. बारा वर्षं! खिडक्या समोरासमोर. एकीनं उघडली की दुसरी लावून घ्यायची.

दोघींचं दिवाळीचं उटणं आमचंच. दरवर्षी मावशी आणि मी इंदूरवरून बैलगाडीनं देवासला जायचो. दोघींचं सांगणं एकच, "समोर जे देता ते मला नको. माझं वेगळं हवं."

मावशी काय करायची? एकाच डब्यातलं उटणं दोन पिशव्यांत भरायची. सुंदराबाईंची लाल पिशवी, मैनाबाईंची हिरवी. सुंदराबाई वास घेऊन म्हणायच्या, "हे खरं उटणं! नाहीतर तिचं. इथपर्यंत दर्प येतो." मैनाबाईही हेच म्हणायच्या. आम्ही परतीच्या वाटेवर हसून हसून बेजार व्हायचो.

त्या वर्षी पोचलो तर समोरच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद. मैनाबाई श्रावणात तापानं गेल्या होत्या. सुंदराबाईंना पलीकडे जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी खिडकीतूनच सगळं पाहिलं.

मी हिरवी पिशवी घेऊन सुंदराबाईंच्या ओट्यावर बसले. मावशी आत गेली. दार उघडंच होतं. मावशीनं लाल पिशवी पुढे ठेवली, तशी सुंदराबाईंनी ती हातानं बाजूला सारली.

"ही नको. तिला जे द्यायचात, ते आणलंय का?"

मावशीनं मला हाक मारली. मी हिरवी पिशवी आत दिली. मावशीचे ओठ हलले. मला वाटलं, आता ही सांगून टाकते. पण तिनं पिशवी पुढे सरकवली.

सुंदराबाईंनी पिशवीची नाडी सोडली. मूठभर उटणं हातावर घेतलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. मग डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. उटणं भिजलं, बोटांमधून ओघळलं, पण त्यांनी मूठ सोडली नाही.

"बघा," मावशीकडे बघून त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं. तिलाच चांगलं देत होतात तुम्ही!"