रत्नक्कांच्या कंप्युटरवरचं नाव

गुरुवारची स्वामींची आरती उरकून हिशेबाची वही उघडली होती, तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली. "वैनी, जरा येता का? यांच्या कंप्युटरवर लाल पेटलंय."

रत्नक्का म्हणजे रत्नम्मा, शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी एकट्या राहतात. माहेर अक्कलकोटकडचं. मूलबाळ झालं नाही. यजमान चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे, आधी चौकटीच्या कागदावर आणि नंतर घरी कंप्युटर घेऊन त्यावर. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून रत्नक्का रोज पूजा झाली की कंप्युटरवरचा टॉवेल काढतात, यजमानांनी शिकवलेलं बटण दाबतात, चादरीवरचे दोन-चार मोर बघतात आणि बंद करतात. खंडेनवमीला हळद-कुंकू वाहून की-बोर्डची तीन बटणं मात्र कायमची चिकटवून ठेवली आहेत.

जाऊन पाहिलं. रोज कोपऱ्यात हिरवी चौकट येऊन यजमानांना नावानिशी नमस्कार करायची, ती आज लाल होती. इंग्रजी मजकूर मी वाचून सांगितला, "चनबसप्पा, तुमच्या संरक्षणाची मुदत संपली आहे."

"त्यांची संपून दोन वर्षं झाली की. याला आत्ता कळलं व्हय?" म्हणाल्या आणि हसल्या. मला काही हसू येईना.

रत्नक्कांच्या पुण्याच्या पुतण्याला, भारतला, फोन लावला. "काकू, तो अँटिव्हायरस काढून टाका. कंप्युटरमध्ये आतच एक फुकटचा असतो, तुम्हाला पुष्कळ झाला. बरं, मी मीटिंगमध्ये आहे." झालं बोलणं.

"मग काढू या का?" मी विचारलं.

रत्नक्का पदरानं पडदा पुसत राहिल्या. "लाईटबिलावर माझं नाव आलं. रेशनकार्डावर माझं. पासबुक बदललं. घरात आता ह्ये एवढंच ऱ्हायलंय. मला इंग्रजी येत न्हाई वैनी, पण ती अक्षरं मी वळखते. फुकटच्यात ती येतात का, तेवढं विचारू."

मी म्हटलं, "स्वामींपुढे चिठ्ठ्या टाकू या. निघेल तो घ्यायचा."

"आणि नावाचा नसलेला निघाला तर? मग स्वामींवर रुसू का मी? दुकानात जाऊ."

कंप्युटरचा डबा मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या. दुकान प्रियदर्शनीचं. पोरगी चोख आहे, उगीच गळ्यात मारत नाही.

"काकू, नेटवर काय करता? बँकेचं काही?"

"न्हाई. मोर बघते."

"मोर बघायला आतलाच बास की! खर्च कशाला?"

"त्यात मालकाचं नाव येतं?"

"नाव नाही, नुसती हिरवी खूण." तिनं एक खोकं पुढे केलं. "विकतचाच हवा तर हा घ्या. हलका आहे, जुन्या मशिनला बरा."

"ह्यात नाव?"

"ह्यातही नाही. नाव त्या वरच्यात येतं, पण तो लई जड. तुमचं मशिन चालू व्हायला सात-आठ मिनिटं घेईल. आणि नाव दिसावं म्हणून कोण अँटिव्हायरस घेतं हो काकू?"

"तोच काढ खाली."

मशिनमध्ये तो चढवताना प्रियदर्शनीनं वर न बघताच विचारलं, "नाव कुणाचं घालू?"

रत्नक्कांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यापुरतं घेतलेलं. नंतर सगळा जन्म 'अहो' आणि 'हे'. शेवटी दवाखान्यातल्या कागदावरसुद्धा नाव मीच सांगितलं होतं. आताही मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"चनबसप्पा."

बाहेर रिक्षा फुरफुरत होती. "काय म्हणालात?"

"चनबसप्पा," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "चनबसप्पा शरणप्पा बिराजदार." दुकानातलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. रत्नक्कांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"एक वर्षाचा देऊ का तीन?"

"जास्तीत जास्त किती मिळतं?"

"तीन."

"तीनच?"

"तीनच काकू. पुढे परत यायचं."

"बरं," म्हणाल्या. येताना रिक्षात डबा पोटाशी धरून बसल्या.

याला आठ दिवस झाले. आज सकाळी वाटीत शेंगाचटणी घेऊन मी मागच्या दारानं गेले. रत्नक्का देवघराकडे पाठ करून कंप्युटरसमोर बसल्या होत्या, हात मांडीवर. पडद्यावर नुसतंच गोल फिरत होतं. मी हाक मारली, तर मागे न बघता हात वर केला.

"थांबा वैनी. अजून यायचेत."

मी वाटी ओट्यावर ठेवली आणि परत आले.