दिनूची वही आणि माझे हात

बातमी घेऊन आला तो दिनूच्या शिफ्टचा जोडीदार. मी रामवाडीच्या घरी बिरड्याचे वाल सोलत बसले होते. दारातूनच म्हणाला, "ताई, वडखळला बस थांबली तर हा उतरला. हाका मारल्या, ऐकला नाय. सरळ हायवेवर, ट्रकच्या पुढ्यात…" दिनू माझा धाकटा भाऊ. रोज कंपनीच्या बसने पेणहून धाटावला जायचा आणि शिफ्ट सुटली की कामगारांच्या मंडळासाठी विनोदी नाटकं लिहायचा, त्यांत कामही करायचा.

मंडळानं परवा रोह्याला शोकसभा घेतली. सेक्रेटरी म्हणाले, "डोक्यात वेड असल्याशिवाय असा विनोद सुचत नाही. आजार हीच दिनूची देणगी." माना डोलल्या. एकानं तर त्याच्या शेवटच्या प्रयोगाची नक्कल करून दाखवली आणि मंडळी पोट धरून हसली. हातातला चहा खुर्चीखाली ठेवून मी निघाले.

देणगी म्हणे! ती देणगी घरात कशी असते ते मला विचारा. पंचविशीत दिनू पहिल्यांदा आजारी पडला, तेव्हा दोन महिने अंघोळीलाही उठत नव्हता. दिव्यातून माणसं आपलं बोलणं ऐकतात म्हणून घरातले सगळे बल्ब काढून ठेवायचा. त्या दिवसांत त्यानं एक ओळ लिहिली नाही. पुढे डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या, झोप आली, भूक लागली, आणि मग वही आली.

मी वाल सोलायला बसले की तो वही घेऊन समोर बसायचा. वाचताना माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही, हातांकडे बघायचा. म्हणायचा, "तू बहीण हायस, तोंडानं हसशीलच. हात नाय खोटं बोलत." हात थांबले तर विनोद राहिला, चालू राहिले तर तिथल्या तिथे काट. एका नाटकात मुकादम पोरीच्या लग्नातही पंगतीला शिफ्ट लावतो, पहिल्या शिफ्टला नुसता भात, दुसऱ्या शिफ्टला नुसतं वरण. ती पंगत त्यानं सहा वेळा लिहिली. सहाव्या वेळी माझ्या हातातला वाल निसटून ताटाबाहेर गेला, तेव्हा कुठे त्यानं वही मिटली.

गोळ्यांनी तो जरा जाड झाला होता, स्टेजवर थोडा सावकाश चालायचा. यंदा गणपतीच्या आधी सेक्रेटरी घरी आले. "ताई, गोळ्यांनी थंड पडलाय हो. पंधरा दिवस बंद ठेवा, मग बघा कसा रंगतो." दिनू माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "ताई, तू सांगशील तसं." गोळ्या माझ्याच कपाटात असायच्या. आणि मी त्या दिल्या नाहीत… बाजारात 'दिनूची बहीण' म्हणून माणसं वळून बघायची, ते मला आवडत होतं. सेक्रेटरीची किळस येतेच, पण स्वतःची जास्त येते.

प्रयोगात दिनू मध्येच थांबला. वरच्या दिव्याकडे बोट करून म्हणाला, "तिथून ऐकतायत." हशा पिकला. "हसू नका, खरंच ऐकतायत." आणखी मोठा हशा. तो हात जोडून रडायला लागला तेव्हा लोक शिट्ट्या मारत होते. मी पुढच्याच रांगेत होते. मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. पण चारचौघांत शोभा नको म्हणून मी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातावर गोळी ठेवली, तर म्हणाला, "आता कशाला? सगळे हसले ना?" आणि कंपनीच्या बसला गेला.

आता मंडळाला त्याची वही छापायची आहे. 'वेड्याचा विनोद' असं काहीतरी नावही ठरलंय. मी वही दिली नाही. तिच्यात राहिलेल्या ओळींपेक्षा खोडलेल्या ओळी जास्त आहेत. एवढं खोडायला डोकं ठिकाणावर लागतं, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

वाल सोलताना वही समोर उघडी ठेवते. मुकादमाच्या पंगतीपाशी आले की हात अजूनही थांबतात. मग सवयीनं मान वर करते, त्यानं बघितलं का म्हणून.