मास्तरांचं राहिलेलं मत

मास्तर गेल्याचं मला विठ्ठल दूधवाल्याकडून कळलं. श्रीरामपूर स्टेशनच्या भिंतीवर मी पत्रक चिकटवत होतो, हात खळीने भरलेले. विठ्ठल सायकलवरून उतरला, किटल्या सावरल्या आणि बराच वेळ ते पत्रक वाचत असल्यासारखा उभा राहिला. त्याला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. शेवटी म्हणाला, "भाऊ, मास्तरनी आज दूध घेतलं न्हाई..." आणि मान खाली घातली. पुढे काही विचारायची गरज उरली नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सॅम्युएल मास्तर मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. रेल्वे लाइनीपलीकडे त्यांच्या दोन खोल्या आणि पुढे शहाबादी फरशीचा ओटा. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. माझे वडील साखर कारखान्यात कामाला; मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्यांनी वाटायला आणलेल्या युनियनच्या पत्रकांवरून. त्यामुळे कथा-कादंबऱ्या हा रिकामटेकड्यांचा चाळा आहे असं माझं ठाम मत होतं, आणि पहिल्याच भेटीत मी ते मास्तरांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे, कॉम्रेड. रविवारी दुपारी रिकामे असता का?"

रविवारी त्यांच्या ओट्यावर एक हेरकथा चालू होती. कोणी प्रवासी गाडीत विसरलेलं इंग्रजी पुस्तक. मुखपृष्ठ फाटलेलं, लेखकाचं नावही त्याबरोबर गेलेलं. मास्तरांनी त्याला शाळेच्या वह्यांसारखं खाकी कव्हर घातलं होतं. चर्चमधून आले, जेवले, की ते ओट्यावर बसत आणि इंग्रजीकडे बघत सरळ मराठीत एक प्रकरण सांगत. पुढचं पान ते स्वतःही आधी वाचत नसत. आयर्लंडमधलं शहर, एका बाजूला कॅथलिकांच्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंटांच्या, मधे इंग्रज सैनिकांचा पहारा. त्यात घरोघर दूध घालणारा एक कॅथलिक माणूस स्वतःच्याच गल्लीतल्या बंडखोर पोरांची नावं इंग्रज अधिकाऱ्याला पोचवतो. कारण त्याच्या आजारी मुलीचा इलाज त्या अधिकाऱ्याच्या हातात असतो. रेडिओवर तेव्हा तिकडच्या बातम्या येतच होत्या, त्यामुळे गोष्ट आम्हाला फार लांबची वाटायची नाही.

विठ्ठल मात्र पहिल्याच प्रकरणाला बिघडला. "मास्तर, ह्यो दूधवाला हाय व्हय? आमी पानी घालू दुधात, पन मानूस न्हाई विकनार." मास्तर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग विठ्ठलने विचारलं, "पन दोघंबी येशूचीच लेकरं ना? मंग भांडान कशाचं?" मी लगेच जमीन, नोकऱ्या, साम्राज्य असं सगळं समजावलं. विठ्ठल म्हणाला, "लई बोलता बुवा तुमी. च्या निवला."

त्या ओट्याचा एक नियम होता. प्रकरण संपलं की प्रत्येकाने मत द्यायचं. पण आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत सांगायचं, तेही असं, की त्याने "हो, हेच" म्हटलं पाहिजे. त्याने मान हलवली नाही तर पुन्हा सांगायचं. मला हा नियम म्हणजे छळ वाटायचा. पत्रकात कधी कारखानदाराची बाजू आधी छापतात का?

शेवटून दुसऱ्या प्रकरणाला चार पोरं पकडली गेली आणि दूधवाल्याचं बिंग फुटलं. नियमबियम विसरून मी उभा राहिलो. "फितूर तो फितूर. गोळीच घातली पाहिजे." फिलोमिना सिस्टर, दवाखान्यातल्या नर्स, मास्तरांच्या शेजारच्या, स्वतः कॅथलिक. त्या म्हणाल्या, "आजारी लेकराच्या उशाशी कधी बसलायस का रे?" मी म्हणालो, "एका पोरीसाठी चार पोरं फासावर?" त्या म्हणाल्या, "तुझ्या पत्रकात माणसं मावत नाहीत." मी म्हणालो, "तुमच्या प्रार्थनेत न्याय मावत नाही." सिस्टर उठून गेल्या. मास्तरांनी पुस्तक मिटलं. "एकच प्रकरण राहिलंय. तुम्ही दोघं एकमेकांचं मत सांगाल, त्या दिवशी उघडीन."

मग दुष्काळ पडला. मी खडी फोडणाऱ्या बायांच्या मजुरीसाठी गावोगाव हिंडत राहिलो, ओटा सुटला. मास्तर अंथरुणाला खिळल्याचं विठ्ठलने सांगितलं, तेव्हा मी तसाच धुळीच्या कपड्यांनी गेलो. सिस्टर तिथेच होत्या, इंजेक्शनची सुई उकळत ठेवलेली. मास्तरांनी उशाखालून पुस्तक काढलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मी सुरुवात केली. "सिस्टरांचं म्हणणं असं, की तो बाप आहे म्हणून त्याला माफ करावं..." त्या म्हणाल्या, "नाही. असं नाही." खडीच्या कामावर झोळीत लेकरू टांगून ठेवणारी एक बाई डोळ्यासमोर आली. पुन्हा म्हणालो, "त्यांचं म्हणणं असं, की त्याला दुसरं दारच ठेवलं नव्हतं. ज्याने बाकीची दारं लावली तो अधिकारी खुर्चीत बसून राहतो, आणि आपण बंदूक रोखतो ती ह्याच्यावर."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "हेच."

मग त्या माझं मत सांगू लागल्या. "ह्याचं म्हणणं असं, की त्या चार पोरांच्या आयासुद्धा कधीतरी त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांच्या वतीने गोष्टीत कोणी बोलत नाही. म्हणून हा ओरडतो." मी मान हलवली.

"आणि तुमचं मत, मास्तर?" मी विचारलं.

"शेवट झाल्यावर. आधी सांगितलं तर तुम्ही माझ्या मागे चालाल." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "आज दम लागतोय, कॉम्रेड. रविवारी वाचू..."

तो रविवार त्यांना मिळाला नाही.

गेल्या रविवारी आम्ही तिघं ओट्यावर बसलो. विठ्ठलने चहापुरतं दूध आणलं होतं. मास्तरांच्या जागेवर कोणी बसलं नाही. मी पुस्तक उघडलं, माझ्या तोडक्या इंग्रजीने पहिली ओळ जुळवू लागलो, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "थांब. त्यांचं मत राहिलंय. आधी ते सांगायला हवं."

नियम तोच होता. सिस्टरांनी सांगून पाहिलं. विठ्ठलने सांगितलं. मीही सांगितलं, दोनदा, जपून, एकेक शब्द तोलून... प्रत्येक वेळी आमची नजर त्या रिकाम्या जागेकडे गेली. "हो, हेच" म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

पुस्तक मी मिटलं. खाकी कव्हरचे कोपरे त्यांच्या बोटांनी काळे झालेत. शेवटचं प्रकरण अजून तसंच आहे.