चार नंबरच्या पिंजऱ्याची फॅट

मंगळवार पेठेत झुंबरबाईंनी ज्याचं उणंदुणं काढलं नाही असा माणूस सापडायचा नाही. तीन म्हशी, एक तोंड आणि उंदरांची नोकरी, एवढा त्यांचा संसार. होय, उंदरांचीच. राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये पिंजरे धुणं, खाणं घालणं. शेजारची बनाबाई म्हणते, आख्खी पेठ उंदरांना औषध घालते आणि ही त्यांना पंगत वाढते.

त्या लॅबमधली तेजस्वी पीएचडी करते. उंदरांपायी तिनं दोन चांगली स्थळं घालवली. हे तिच्या आईनंच गावभर केलंय, मी काही वेगळं सांगत नाही. तिचं काम असं, की उंदराला असं काही टोचायचं की त्याच्या अंगातल्या राखणदार पेशी त्याच्याच मेंदूवर उठतात. तालमीच्या पोरांनी तालमीच्याच काचा फोडाव्यात तसं. मग शेपूट लुळं पडतं, मागचे पाय ओढले जातात. त्या दंगेखोर पेशींत फॅट किती साठते, ते तेजस्वी मोजते.

फॅट म्हटल्यावर झुंबरबाई खुलल्या. जन्म डेअरीच्या रांगेत, दुधाची फॅट लावून घेण्यात गेलेला. माझ्या म्हशीची सात लागती, तुझ्या उंदराची किती, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. शिवाय शेपटावरून जनावराचं दुखणं ओळखावं तर त्यांनीच. तेजस्वीनं तक्त्यात शून्य, म्हणजे दुखणं नाही, असं लिहावं आणि बाईंनी म्हणावं, उद्या बसतंय बघ हे. दुसऱ्या दिवशी ते मागचे पाय टाकून बसायचंच.

चार नंबरच्या पिंजऱ्यातले उंदीर बसले तेव्हा तेजस्वीनं सांगितलं, मावशी, यांचं तोंड वरच्या जाळीतल्या खाण्यापर्यंत पोचत नाही, ते भिजवून खालीच ठेवा. बाईंनी ठेवलं. पण नुसतं कसं ठेवणार? त्या पिंजऱ्यावर त्यांचा जीव; त्यातला एक उंदीर म्हणे अगदी त्यांच्या कैलासवासी मालकांसारख्या मिशा हलवायचा. तीन आठवडे रोज त्यात घरचं लोणी कालवलं.

तपासणीत चार नंबरच्या पेशी फॅटनं टम्म निघाल्या. बाकीचे पिंजरे साधेच. तेजस्वीला वाटलं, घबाड लागलं. उद्या सरांना दाखवायचं, मग परिषदेत मांडायचं. तिनं पेढे आणले. झुंबरबाईंनी पेढा उचलला, तोंडाजवळ नेला आणि परत खोक्यात ठेवला. बाईंनी पेढा परत ठेवला हे ऐकून आमचा आख्खा कट्टा हादरला होता. बोललं तर नोकरी जाणार, हे त्यांना कळत होतं.

"पोरी, ती फॅट उंदराची न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या म्हशीची हाय."

तेजस्वीनं खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "रोज किती घालत होता?"

"बोटभर. रविवारी जरा जास्त."

त्यावर ती हसली की रडली, याबद्दल पेठेत अजून दोन मतं आहेत. चार नंबर खोडला गेला, तीन महिन्यांचं काम पुन्हा करायची वेळ आली. सर म्हणाले, बाईंना काढा. तेजस्वी अडून बसली, की मग शेपूट कोण वाचणार?

शेवटी तडजोड झाली. आता झुंबरबाई रोज पिंजऱ्यांपुढं उभ्या राहतात, शाळेत शिक्षा झाल्यासारखे दोन्ही हात पाठीमागं, आणि उद्या कोण बसणार ते सांगतात. तेजस्वी लिहून घेते. पण त्याआधी, दारातच, बाईंची पिशवी तपासते.